जामीनदाराची पगारकपात: एक मुदत हुकली, दुसरी हातात होती

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तात्या स्टोअर सांभाळतात. पगार महिना बावीस हजार. प्रॉव्हिडंट फंडाचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की वीस हजार हातात पडायचे. फेब्रुवारी २०२३ च्या सात तारखेला खात्यात नऊच हजार जमा झाले. पगाराच्या चिठ्ठीवर ‘इतर कपात’ या रकान्यात ११,००० छापलं होतं. खुलासा काही नव्हता.

(ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि हिशेब डोळ्यांपुढे राहावा म्हणून आकडे सरळ केले आहेत.)

अकाउंट्समध्ये त्यांना एक पत्र दाखवलं गेलं. ते पतसंस्थेच्या विशेष वसुली व विक्री अधिकाऱ्याचं होतं. तात्या एका कर्जाला जामीनदार आहेत, सहकार खात्याच्या सहायक निबंधकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये २,८४,००० रुपयांचा वसुली दाखला (थकबाकी वसूल करायचा आदेश) दिला आहे, सबब पगारातून कायद्याने अनुज्ञेय रक्कम दरमहा कापून संस्थेकडे भरावी, असा मजकूर. कर्ज २०१८ चं. सोबतच्या एका कामगाराने घराच्या स्लॅबसाठी तीन लाख घेतले होते आणि तात्यांनी व आणखी एकाने जामीन म्हणून सह्या केल्या होत्या. कर्जदार २०२१ मध्ये नोकरी सोडून चाकणला गेला, हप्ते थांबले. सांगली-मिरजेत अशी जामीनकी घरोघरी आहे. रोज एका डब्यात जेवणारा माणूस कागद पुढे करतो तेव्हा कोणी व्याजाचा दर वाचत बसत नाही.

तात्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आले सप्टेंबरच्या शेवटी. मधल्या काळात ते गप्प बसले नव्हते, हे मला आधी सांगायचं आहे, कारण अशा माणसाला सगळे पहिला प्रश्न विचारतात तो “इतके दिवस काय करत होता?” त्यांनी एचआरला तीन अर्ज दिले होते. पतसंस्थेच्या अध्यक्षांना ते दोनदा भेटले होते. अध्यक्ष म्हणाले, “कर्जदाराला बोलावून घेतो, पुढच्या महिन्यापासून तुमची कपात थांबवतो.” जूनमध्ये संस्थेने दाखल्याची झेरॉक्स हातात दिली, तीसुद्धा मोठे उपकार केल्यासारखी. तात्यांची समजूत अशी की आपण अर्ज दिलाय, म्हणजे विषय चालू आहे.

विषय चालू नव्हता. घड्याळ चालू होतं. एचआरला दिलेल्या अर्जाने कोणतीही कायदेशीर मुदत थांबत नाही. त्यातल्या दोन अर्जांवर तर पोचही नव्हती. अध्यक्षांचं आश्वासन तोंडी. ज्याने कपात केली आणि ज्याच्यासाठी केली, त्या दोघांकडेच दाद मागण्यात आठ पगार गेले. दाद देण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांच्या दारात मात्र एकही कागद पडला नव्हता.

कपात कोणत्या अधिकाराने?

पगार कापला गेला की लोक रकमेवर वाद घालायला लागतात. त्याआधी कपातीचा उगम शोधावा लागतो, कारण मुदत त्यावर ठरते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली सभासद आपल्या संस्थेला लिहून देऊ शकतो की माझ्या पगारातून अमुक रक्कम मालकाने कापावी. असं संमतीपत्र असेल आणि संस्थेने लेखी मागणी केली, तर मालकाला कपात करावीच लागते. न केल्यास जबाबदारी त्याच्यावर येते. पगारदारांच्या पतसंस्थांची वसुली बहुतेक याच वाटेने होते. दुसरी वाट जप्तीची. निबंधकांचा कलम १०१ चा दाखला, मग कलम १५६ आणि नियम १०७ खाली वसुली अधिकाऱ्याचा पगार रोखण्याचा आदेश. तिसरी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची. तिथे एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घ्यायला तीस दिवस मिळतात; समन्स नीट बजावलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्या दिवसापासून.

तात्यांच्या पत्रात १५६ आणि १०७ चा उल्लेख होता, ४९ चा नव्हता. जामीनकतब्याच्या छापील मजकुरात पगारकपातीची संमती दडलेली असते का, तेही पाहिलं. नव्हती. म्हणजे ही जप्ती होती. याचा पुढे फार उपयोग झाला.

परत आलेलं पाकीट

दाखला देण्यापूर्वी सहायक निबंधकांनी चौकशी करायची असते आणि सामनेवाल्यांना नोटीस द्यायची असते. तात्यांना नोटीस मिळालीच नव्हती. आम्ही मिरजेच्या कार्यालयातून प्रकरणाच्या नकला काढल्या. त्यात पोस्टाचं परत आलेलं पाकीट टाचणीने लावलेलं होतं. पत्ता तात्यांच्या जुन्या भाड्याच्या खोलीचा, आणि पोस्टमनचा शेरा: ‘पत्ता सोडून गेले’.

हा शेरा महत्त्वाचा. ‘घेण्यास नकार’ असं लिहिलं असतं तर नोटीस बजावली असंच धरलं गेलं असतं. घर सोडून गेलेल्या माणसाबाबत तसं धरता येत नाही. नवा पत्ता शोधायला हवा होता. आणि तो शोधावा लागलाच नसता. जामीनदाराच्या अर्जावर कारखान्याचं नाव, पत्ता आणि तात्यांचा मोबाइल नंबर, तिन्ही होतं. पैसे कापायचं पत्र पाठवताना संस्थेला हाच कारखान्याचा पत्ता बिनचूक सापडला होता. माणसाला आपलं म्हणणं मांडू न देता त्याचा निम्मा पगार कापणं हा अन्याय आहे. तो टपालाच्या नावावर खपवून घेता कामा नये, असं मला मनापासून वाटतं.

मुद्दा असा भक्कम असूनही तो मांडायची वेळ निघून गेली होती. १०१ च्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, म्हणजे आपल्या भाषेत रिव्हिजन. सांगली जिल्ह्यासाठी तो कोल्हापूरच्या विभागीय सहनिबंधकांकडे. आदेश कळवल्यापासून दोन महिन्यांची मुदत. फेब्रुवारीत पत्र दाखवलं तेव्हापासून मोजली तर एप्रिलमध्ये संपली. दाखल्याची प्रत जूनमध्ये मिळाली, तेव्हापासून मोजली तरी ऑगस्टमध्ये संपली.

विलंब माफीची तरतूद त्याच कलमात आहे. पुरेसं कारण दाखवलं तर उशिरा आलेला अर्जही घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादनाच्या, म्हणजे कातिजीच्या प्रकरणात सांगितलं होतं की ‘प्रत्येक दिवसाचा खुलासा द्या’ हे सूत्र यांत्रिकपणे लावू नये, विवेकाने वापरावं. आमच्याकडे पाकिटाचा पुरावा होता, त्यामुळे जूनपर्यंतच्या उशिराचा खुलासा मजबूत होता. जून ते सप्टेंबरचा दुबळा. त्या काळात हातात दाखला होता आणि सांगायला फक्त अध्यक्षांचं तोंडी आश्वासन. ते अध्यक्ष प्रतिज्ञापत्रावर कबूल करणार नव्हते.

तरीही मी अर्ज केला असता. अडलं ते पुढच्या अटीवर. कलम १५४(२अ) प्रमाणे, वसुली दाखल्याविरुद्धचा पुनरीक्षण अर्ज ऐकून घेण्यासाठी येणे रकमेच्या पन्नास टक्के संस्थेकडे आधी भरावे लागतात. इथे १,४२,००० रुपये. बायकोचे दागिने मोडायची तात्यांची तयारी होती. मी विचारलं, “तात्या, जिंकलो तर काय मिळणार?” दाखला रद्द होऊन चौकशी नव्याने झाली असती, पण कर्ज खरं होतं, सही खरी होती. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या’ हे कायद्यात बसत नाही. हिशेबात खरी चूक एकच सापडली: कर्जदाराचे शेअर्स आणि ठेव मिळून ३८,००० रुपये वजा केलेले नव्हते. अडतीस हजारांसाठी एक लाख बेचाळीस हजार अडकवायचे आणि तेही विलंब माफ होईल या भरवशावर, हे मला पटलं नाही. वजावटीसाठी सहायक निबंधकांकडे साधा अर्ज, सोबत खातेउतारा. तीन महिन्यांत ती रक्कम वजा झाली.

कोणी म्हणेल, उच्च न्यायालयात जायचं होतं. तेव्हा त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आणि सांगली, साताऱ्याच्या माणसाची ती वाट जवळ आली. पण उच्च न्यायालयातल्या अशा अर्जात, म्हणजे रिटमध्येही, उशिराचा प्रश्न सुटत नाही आणि पर्यायी उपाय का वापरला नाही, हा प्रश्न तर पहिल्याच तारखेला येतो.

देणं वेगळं, कपात वेगळी

इथवर आलेली माणसं सहसा हात टेकतात. मुदत गेली, आता फिटेपर्यंत निम्मा पगार. तात्यांच्या बाबतीत हे खरं नव्हतं, आणि अशा बऱ्याच प्रकरणांत ते खरं नसतं. हुकलेली मुदत ‘देणं आहे की नाही, किती आहे’ या वादाची होती. ‘दरमहा पगारातून किती कापता येतं’ हा वाद निराळा आहे आणि तो प्रत्येक पगाराला नव्याने उभा राहतो.

नियम १०७ खाली पगार रोखता येतो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० च्या अधीन राहून. त्या कलमात असं आहे की पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यांसाठी पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. तात्यांचा हिशेब: २२,००० मधून १,००० वजा, राहिले २१,०००, त्याचा एक तृतीयांश, ७,०००. कापायला हवे होते सात हजार, कापले अकरा हजार. दरमहा चार हजार जास्त.

अकाउंट्सच्या प्रमुखांकडे उत्तर तयार होतं: “सहकारी संस्थेसाठी पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत चालतं, आम्ही तर निम्मंच कापलंय.” हे त्यांनी मनचं काढलेलं नव्हतं. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ७(३) मध्ये ती मर्यादा होती: एरवी सगळ्या कपाती मिळून पन्नास टक्के, सहकारी संस्थेची कपात असेल तर पंच्याहत्तर. पण ती बाहेरची हद्द होती. त्या हद्दीच्या आत प्रत्येक कपातीला स्वतःचा आधार लागतोच. इथला आधार जप्तीचा आदेश, आणि त्या आदेशाचीच ताकद एक तृतीयांशाला संपते. वसुली अधिकाऱ्याने आकडा न लिहिता ‘अनुज्ञेय रक्कम’ एवढंच लिहिलं, कारखान्याने अंदाजाने निम्मा धरला, आणि दोघांपैकी कोणीही कलम ६० उघडून पाहिलं नाही.

त्याच कलमातली आणखी एक ओळ कुपवाड, मिरजेच्या प्रत्येक कामगाराने लिहून ठेवावी अशी आहे. मजुराची मजुरी जप्त करताच येत नाही, एक रुपयाही नाही. आणि कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की मजूर म्हणजे कुशल, अर्धकुशल, अकुशल, सगळे. तात्या स्टोअरचे, म्हणजे कारकुनी कामाचे, म्हणून त्यांना एक तृतीयांशाचा नियम. दुसरा जामीनदार एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा कामगार होता. त्याचीही कपात सुरू होती. त्याने कामाचं स्वरूप दाखवणारं कारखान्याचं पत्र जोडून वसुली अधिकाऱ्याकडे हरकत घेतली आणि त्याची कपात पूर्ण थांबली. तात्यांना हे कळलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “त्याचं तरी वाचलं, बरं झालं की.”

ऑक्टोबरमध्ये दोन कागद एकाच आठवड्यात गेले. एक वसुली अधिकाऱ्याला, कलम ६० चा हिशेब मांडून, सहायक निबंधकांना प्रत, दोन्हीकडे आवक क्रमांकासह पोच. दुसरा वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम १५ खालचा अर्ज, जादा कपात परत मिळावी म्हणून. ह्या अर्जाची मुदत कपातीच्या तारखेपासून बारा महिने. पहिली कपात सात फेब्रुवारी २०२३ ची, म्हणजे त्या चार हजारांसाठीही अजून वेळ होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबलो असतो तर दर महिन्याला मागचा एकेक महिना गळत गेला असता. तात्यांचा पगार २४,००० च्या आत, म्हणून हा कायदा त्यांना लागू. त्यावर पगार असलेल्यांना तेव्हा ही वाट नव्हती.

कारखान्याचे वकील भेटले तेव्हा त्यांचा मुद्दा असा की जादा पैसे कारखान्याने ठेवले नाहीत, ते तात्यांच्याच देण्यात जमा झाले, मग नुकसान काय? वरवर बिनतोड वाटतो. पण ज्या घरात मुलीची फी आणि दूधवाल्याचं बिल एकाच पगारातून जातं, त्या घरात आज कापलेले चार हजार आणि दोन वर्षांनी कमी झालेलं कर्ज सारखे नसतात. तात्यांनी मधल्या काळात बचतगटातून उचल घेतली होती, तिचं व्याज कोण भरणार होतं? कपातीला मर्यादा घातली आहे ती माणसाने देणं फेडता फेडता जगावं म्हणून.

नोव्हेंबरच्या मध्याला लेखी समझोता झाला. तोवर दहा पगार कापले गेले होते, म्हणजे चाळीस हजार जादा. वसुली अधिकाऱ्याने सात हजारांची मर्यादा लिहून दिली आणि जादा गेलेली रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरायची ठरली: पुढचे दहा महिने सातऐवजी तीनच हजार कापायचे. डिसेंबरच्या पगारात तात्यांच्या हातात सतरा हजार आले. कलम १५ खाली भरपाईही मागता येत होती, ती या समझोत्यात सोडून द्यावी लागली. मला ते आवडलं नाही. तात्यांना दर महिन्याचा पैसा हवा होता, तारखा नको होत्या, आणि निर्णय त्यांचा होता. मी एवढंच पाहिलं की समझोता सह्यांनिशी दप्तरी लागेपर्यंत अर्ज मागे घ्यायचा नाही.

समझोत्यात एक कलम आम्ही आग्रहाने घातलं होतं. एकाच हुकूमनाम्यासाठी पगार एकूण चोवीस महिने जप्तीखाली राहिला, की त्या हुकूमनाम्यापुरता तो कायमचा मोकळा होतो, असं कलम ६० सांगतं. इथे हुकूमनाम्याच्या जागी दाखला. मोजणी जानेवारी २०२३ च्या (फेब्रुवारीत जमा झालेल्या) पगारापासून, म्हणून डिसेंबर २०२४ च्या पगाराची कपात शेवटची. तोवर गेले १,६८,०००: दहा महिने अकरा हजार, दहा महिने तीन, चार महिने सात. बरोबर सात हजार गुणिले चोवीस. जानेवारी २०२५ च्या पगारातही कपात लागली होती. समझोत्याची प्रत दाखवल्यावर अकाउंट्सने ती त्याच आठवड्यात परत केली. देणं संपलेलं नाही, संस्था आता कर्जदाराच्या गावाकडच्या जागेमागे आहे, पण तात्यांचा पगार या दाखल्यापासून सुटला.

आज असं प्रकरण आलं तर काही गोष्टी बदलल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. तिच्यात सगळ्या कपाती मिळून पन्नास टक्क्यांची एकच मर्यादा आहे, सहकारी संस्थेसाठी पंच्याहत्तर नाही. दावा करायला तीन वर्षं मिळतात आणि चोवीस हजारांची अट उरलेली नाही. कलम १५४ चे दोन महिने आणि निम्मी रक्कम भरण्याची अट मात्र सहकार कायद्यातली आहे. संहितेने तिला धक्का लागत नाही.

राहिला कर्जदार. जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क करार अधिनियमाच्या कलम १४५ मध्ये आहे. दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागण्याचा हक्क कलम १४६ मध्ये, पण मोल्डरवर दावा करायला तात्या तयार नाहीत. कर्जदारावरचा दावा दिवाणी न्यायालयात जात नाही. सहकारी संस्थेच्या कर्जापोटी जामीनदाराकडून वसूल झालेल्या रकमेचा वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ मध्ये येतो आणि सहकार न्यायालयात चालतो. मुदत तीन वर्षं, पैसे भरल्यापासून. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या कपातीसाठी ती फेब्रुवारी २०२६ मध्ये संपणार होती. तात्यांनी २०२५ च्या दिवाळीनंतर लगेच दावा दाखल केला. दाव्यात कर्जदाराचे तीन पत्ते दिले आहेत: गावचा, चाकणच्या खोलीचा आणि तो आता जिथे कामाला आहे त्या कंपनीचा.